जिप्सी किंग २००४: ५५-६५ ला थरथर, फोर-लो निसटतो, गॅरेजवाला म्हणतो क्राऊन-पिनियन गेलं

कोयनाकाठ

राम राम मंडळी. गाडी मारुती जिप्सी किंग, २००४ ची, एमपीएफआय, सॉफ्ट टॉप. गेल्या दिवाळीत पुण्यातल्या एकाकडून घेतली, त्याच्याकडे ती ट्रेकच्या ग्रुपला ने-आण करायला होती म्हणे. मी पाटणच्या वरच्या अंगाला राहतो, शेताकडचा शेवटचा चढ पावसाळ्यात टू व्हील ड्राइव्हवर होतच नाही म्हणून मुद्दाम ही घेतली, नाहीतर पिकअपच घेणार होतो.

आता तक्रारी. सगळ्या एकदम सांगतो कारण यातली कुठली कुठल्या पार्टमुळे आहे तेच मला कळेना झालंय. ५५ ते ६५ च्या मधे सीटखाली आणि फ्लोअरला थरथर येते, स्टेअरिंगला नाही, ७० च्या वर गेलं की कमी होते पण जात नाही. रेस सोडली आणि परत दिली की गाडीच्या मधोमध टण्णकन आवाज, फर्स्ट-सेकंडला जास्त. तिसरं जरा सिरियस आहे, फोर-लो (चारी चाकांना जोर, हळू पण जास्त ताकद) मधे चढावर असताना त्याचा दांडा आपोआप न्यूट्रलला येतो. परवा मागे शेणखताच्या गोण्या होत्या, चढाच्या मधोमध दांडा सुटला, इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी मागे चाललीय, ब्रेकवर उभा राहिलो म्हणून निभावलं. आणि चौथं म्हणजे ४० च्या वर एक घूंऽऽ असा आवाज कायम असतो, रेस दिली की वाढतो.

कराडला एका गॅरेजला दाखवली. त्याने कोपऱ्यापर्यंत चालवली आणि लगेच निकाल, दोन्ही क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधले, चाकांना फिरवणारे मोठा-छोटा गिअर) गेले, भंगारातून पुढचं-मागचं आख्खं हौसिंग (ते गिअर असतात तो ॲक्सलचा डबा) आणून टाकू. खर्च ऐकून घरी आलो. पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवायच्या टाइपचे आहेत, फ्री (चाक पुढच्या ॲक्सलपासून मोकळं) आणि लॉक (जोडलेलं) वाले. खरंच एवढं उघडायची गरज आहे का कोणी सांगेल का?

नव्वद_नंबर

भावा थांब, हौसिंगला अजिबात हात लावू देऊ नकोस. कोपऱ्यापर्यंत चालवून क्राऊन-पिनियन सांगणारे लय बघितलेत. क्राऊन गेलं तर आवाज करेल, मान्य, पण तो फोर-लो कशाला बाहेर टाकेल? फोर-लो ट्रान्सफरमधे (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा) असतो, डिफरन्शियलमधे (हौसिंगातले गिअर, क्राऊन-पिनियन त्यातलंच) नाही. म्हणजे एक तर तुझ्याकडे दोन-तीन वेगवेगळ्या बिमाऱ्या आहेत नाहीतर सगळं मधे ट्रान्सफरपाशीच आहे.

जिप्सीत एक सोय आहे जी बाकी बऱ्याच गाड्यांत नाही, ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, मधे एक छोटा शाफ्ट असतो आणि ट्रान्सफर स्वतःच्या तीन रबरी माउंटवर चासीला लटकलेला असतो. म्हणजे गाडीत शाफ्ट एकूण तीन, छोटा मधला, मागचा प्रोपेलर (ट्रान्सफरपासून ॲक्सलपर्यंतचा लांब शाफ्ट), पुढचा प्रोपेलर. क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा) मोजलेस तर सहा. त्यातला एकजरी सुकला तरी थरथर आणि टण्ण दोन्ही येतं. पहिले हे सांग की थरथर टू-हाय (फक्त मागच्या चाकांना जोर, नेहमीचं चालवणं) मधे हब फ्री ठेवून येते का लॉक ठेवून, आणि ६० ला असताना क्लच दाबून न्यूट्रल केली तर राहते का जाते.

सह्याद्री_चिखल

ट्रेक ग्रुपवाल्याची गाडी म्हणजे लिफ्ट केलेली असणार, शंभर टक्के. पाट्यांचे शॅकल (पाट्याचं टोक चासीला लटकवणाऱ्या पट्ट्या) बघ, ओरिजिनलपेक्षा लांब आहेत का. आणि चारी टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, सारखेच झिजलेत का तेही बघ. आमच्याकडे निम्म्या जिप्सींची दुखणी याच दोन गोष्टींतून निघतात, लोक मोठे टायर आणि लांब शॅकल टाकतात, फोटो झकास येतो आणि मग क्रॉस खातात.

कोयनाकाठ

@नव्वद_नंबर दादा आज चालवून बघितली. हब फ्री असो का लॉक, थरथरीत काही फरक नाही. ६० ला न्यूट्रल केली तरी थरथर तशीच, स्पीड उतरला की जाते. घूं आवाज मात्र न्यूट्रल केल्यावर एकदम कमी होतो.

@सह्याद्री_चिखल होय, मागचे शॅकल लांब टाकलेत, पुढचे ओरिजिनल वाटतात. टायर माप एकच, २०५/७० आर १५, पण पुढचे दोन नवीन आहेत आणि मागचे बरेच गुळगुळीत.

प्राजक्ता_ऑटो

चांगली टेस्ट केलीत, यातून बरंच काही बाद झालं. न्यूट्रलमधे पण थरथर राहतेय म्हणजे इंजिन, क्लच नाही. हब फ्री केल्यावर पुढचा प्रोपेलर टू-हाय मधे फिरतच नाही, तरी थरथर तीच, म्हणजे पुढचा प्रोपेलर आणि पुढचं डिफरन्शियलही संशयातून सुटलं. पुढचं हौसिंग बदलायचा खर्च इथेच वाचला.

आता थोडा हिशोब करू. तुमच्या टायरचा घेर साधारण २.१ मीटर. ६० च्या स्पीडला गाडी मिनिटाला १००० मीटर जाते, म्हणजे चाक मिनिटाला ४७५ च्या आसपास फिरतं, सेकंदाला ८ वेळा. चाकाचं बॅलन्सिंग गेलं असेल तर अशी सावकाश थडथड येते आणि पुढची चाकं असतील तर ती स्टेअरिंगला कळते. प्रोपेलर चाकाच्या जवळजवळ चौपट फिरतो, म्हणजे सेकंदाला ३० च्या आसपास. तुम्ही जे सांगताय ते सीटखाली येणारं बारीक कंपन आहे, ते प्रोपेलरच्या घरचं.

त्यात अजून एक भानगड असते जी गॅरेजवाले फार क्वचित बघतात. क्रॉस कोनात फिरत असला की त्याच्या पलीकडचा शाफ्ट एका फेरीत दोनदा जोरात आणि दोनदा हळू होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार खोडून काढतो, पण कधी, तर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दोन कान) एका रेषेत असतील आणि दोन्हीकडचा कोन सारखा असेल तेव्हाच. क्लचच्या कामाला किंवा क्रॉस बदलायला प्रोपेलर काढला, मधली स्प्लाइनची (दात्यांची, आत-बाहेर सरकणारी) स्लीव्ह सुटली आणि बसवताना एक-दोन दाते इकडेतिकडे झाले की योक वाकडे बसतात. दिसायला शाफ्ट एकदम ओके, क्रॉस नवीन, आणि तरी गाडी थरथरते. लांब शॅकलमुळे मागचं हौसिंग थोडं फिरतं, पिनियनचं तोंड बदलतं, म्हणजे दोन टोकांचे कोनही सारखे राहत नाहीत. तुमच्याकडे दोन्ही असू शकतं.

बघायला सोपं आहे. खाली वाकून शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान बघा. मागच्या टोकाचे कान आडवे असतील तर पुढच्या टोकाचेही आडवेच पाहिजेत.

जुनी_सीजे_निफाड

मी जिप्सीवाला नाही, माझ्याकडे महिंद्राची सीजे ३बी आहे, वडिलांच्या काळातली, द्राक्षाच्या बागेत अजून चालते. ताईंनी सांगितलं ते बरोबर आहे पण मी एवढ्या लवकर क्राऊनला क्लीन चिट देणार नाही. न्यूट्रल केल्यावर घूं कमी होतो म्हणजे आवाज लोडवर आहे, आणि लोडवरचा आवाज क्राऊनचाही असू शकतो. मागच्या हौसिंगचा ड्रेन बोल्ट काढून ऑइल बघा. हातावर घेऊन बोटांनी चोळायचं. नुसती बारीक चमक असेल तर चालतंय, वयाप्रमाणे येणारच. टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा निघाला तर मग गॅरेजवाला खरा. ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी गेलंय. आणि ओढ्यातून गाडी घालत असाल तर हौसिंगवरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड) नक्की बघा. चालून तापलेलं हौसिंग एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, ब्रीदर मातीने बुजलेला असेल तर ती हवा सीलमधून पाणी ओढून घेते. गाडी वरून कोरडी आणि हौसिंगात पाणी, असं होतं.

आणि एक सावधगिरी. शाफ्ट काढून टेस्ट करायला कोणी सांगेल, जरूर करा, पण प्रोपेलर उतरवला की गाडी गिअरमधे टाकून उभी राहत नाही हे डोक्यात ठेवा. आमच्या जुन्या जीपचा तर हँडब्रेकच ट्रान्सफरच्या मागच्या ड्रमवर आहे, प्रोपेलर सोडला की हँडब्रेकपण गेला. चाकाला दगड लावल्याशिवाय खाली जायचं नाही. तुमच्या फोर-लो च्या किश्श्यातही तेच झालं, दांडा न्यूट्रलला आला की गिअरबॉक्सचा आणि चाकांचा संबंधच तुटतो, कुठल्याही गिअरमधे असा, गाडी मोकळी.

नव्वद_नंबर

काका ऑइलचं बरोबर बोलले, ते पहिलं कर, फुकट आहे. पण माझा पैसा ट्रान्सफरच्या माउंटवर. सांगतो का ते. फोर-लो मधे शाफ्टवर सगळ्यात जास्त जोर येतो, ट्रान्सफर स्वतःच पिळवटून फिरायला बघतो आणि त्याला धरून ठेवणारी फक्त ती तीन रबरं. एक जरी फाटलं की आख्खा ट्रान्सफर तिरका होतो, दांडा वर फ्लोअरच्या कटआउटला जाऊन अडतो आणि तोच त्याला न्यूट्रलकडे ढकलतो. आत गिअरला काही झालेलं नसतं. टण्ण पण त्याचाच, रेस दिली की ट्रान्सफर एकीकडे आपटतो, सोडली की दुसरीकडे.

चेक असं कर. सपाट जागा, चारी चाकांना दगड, कोणीतरी भरवशाचा माणूस ब्रेक दाबून बसवायचा, फर्स्ट टाकून क्लच नुसता ओढायला लागेल इतकाच सोडायचा आणि परत दाबायचा. तू बाजूने टॉर्च मारून बघ, गाडीखाली झोपू नकोस. ट्रान्सफर दिसण्याइतका उसळला तर माउंट गेले. मग इंजिन बंद करून टोमी (लोखंडी सळई) घालून एकेक माउंट उचलून बघ, कुठलं मोकळं आहे ते कळेल. दांड्याचं रबरी बूट वरून काढ म्हणजे दांडा कुठे घासतोय त्याची चकचकीत खूण दिसेल.

माउंट चांगले निघाले तर मग आतलं, फोर्क (गिअर सरकवणारा काटा) झिजलाय, नाहीतर दांडा जागेवर धरणाऱ्या शिफ्टर शाफ्टच्या गोळी-स्प्रिंगचा दम गेलाय, नाहीतर गिअरचे कुत्रे (एकमेकांत अडकणारे डॉग दाते) गोल झालेत. ते उघडल्याशिवाय दिसत नाही.

सह्याद्री_चिखल

टायरचा विषय राहिला. जिप्सीला मधे डिफरन्शियल नाही, फोर-हाय (चारी चाकांना जोर, नेहमीच्या स्पीडचा) टाकलं की पुढचा आणि मागचा प्रोपेलर एकमेकांना बांधले जातात. तुझे पुढचे टायर नवीन, मागचे गुळगुळीत, नक्षीत ६ मिलीचा फरक धरला तर कागदावर घेरात पावणेचार सेंटिमीटरचा फरक येतो, म्हणजे शंभर मीटरला पुढची आणि मागची चाकं जवळजवळ पावणेदोन मीटरने भांडतात. चिखलात चाक घसरून मोकळं होतं, काही वाटत नाही. कोरड्या डांबरावर ते भांडण क्रॉसवर आणि ट्रान्सफरच्या गिअरवर निघतं. शेतातून वर रस्त्याला लागला की लगेच टू-हाय कर. दांडा निघत नसेल तर जोर लावू नको, चार-पाच मीटर रिव्हर्स घे, पीळ सुटतो आणि दांडा बोटाने येतो. आणि तात्पुरता उपाय म्हणजे एक नवा टायर पुढे एक मागे असलं काही करू नकोस, एका ॲक्सलवर जोडी सारखीच पाहिजे. मागचे दोन बदल.

कोयनाकाठ

मंडळी अपडेट. रविवारी चुलतभावाच्या ट्रॅक्टरच्या रॅम्पवर गाडी चढवली आणि सगळं बघितलं.

मागच्या हौसिंगचं ऑइल काळं होतं पण टोचणारं काही नाही, बोल्टच्या टोकाला नुसतं ग्रीससारखं करडं किटण. पाणी नाही. ब्रीदर मात्र मातीने गच्च, टाचणीने मोकळा केला. पुढचं ऑइल त्याहून साफ.

माउंट! उजवीकडचं पूर्ण सुटलंय, रबर एकीकडे आणि पत्रा एकीकडे, मधे टोमी घातली तर ट्रान्सफर अंगठाभर वर उचलला जातो. बाकी दोन फुगलेत, ऑइल खाऊन मऊ झालेत. बूट काढलं तर दांड्याच्या मागच्या अंगाला चांदीसारखी घासलेली रेघ आणि फ्लोअरच्या कडेचा रंग उडालेला. ब्रेक दाबून क्लचवर बघितलं तेव्हा तर तो बेडकासारखा उडी मारत होता, भाऊ म्हणाला ही गाडी चालतेय कशी.

आता प्राजक्ताताई तुमचं. मागच्या प्रोपेलरच्या दोन्ही टोकांचे कान एका रेषेत नाहीत! मागचे आडवे केले की पुढचे तिरके दिसतात. स्लीव्हवर कोणीतरी पूर्वी लाल रंगाची खूण केली होती, दोन ठिपके, ते आता एकमेकांसमोर नाहीत. मागच्या मालकाला फोन केला, तो म्हणाला विकायच्या आधी क्लच प्लेट टाकली होती. क्रॉसपैकी मागच्या टोकाचा एक सुकलेला आहे, हाताने फिरवला तर मधे अडतो. बाकी ठीक वाटतात, पण निप्पलमधे ग्रीस कित्येक दिवसांत गेलेलं नाही.

आता कुठल्या क्रमाने करू? सगळं एकदम करू का एकेक?

प्राजक्ता_ऑटो

माउंट आधी, तिन्ही एकदम. एकच नवीन टाकलात तर जुने दोन मऊ असल्याने ट्रान्सफर तिरका बसेल आणि शाफ्टचे कोन परत बिघडतील. आणि दोन फुगलेत म्हणजे वरून कुठूनतरी ऑइल गळतंय, छोट्या शाफ्टच्या किंवा ट्रान्सफरच्या सीलमधून, ते न बदलता नवीन रबर टाकलं तर त्याचीही तीच गत. माउंट बसले की मग प्रोपेलर. सुकलेला क्रॉस बदला, स्लीव्ह सोडून लाल ठिपके समोरासमोर आणा, पण ठिपक्यांवर विश्वास न ठेवता कान डोळ्याने एका रेषेत आहेत ना ते बघूनच लावा, खूण कोणी कधी केली आपल्याला माहीत नाही. नवा क्रॉस बसवल्यावर तो चारी बाजूंना सारखा हलला पाहिजे, एका बाजूला जड लागला तर वाटी वाकडी ठोकली गेलीय किंवा आतल्या बेअरिंगची एखादी सुई आडवी पडलीय, तसाच लावू नका. शॅकल ओरिजिनल मिळाले तर तेही बदला. एवढं झाल्यावर चालवा आणि मग घूं ऐका.

नव्वद_नंबर

घे, पैसा जिंकला मी. छोटा मधला शाफ्ट सीलसाठी काढशील तेव्हा खाली ट्रे ठेव, गिअरबॉक्सच्या मागून ऑइल येतं, आणि नंतर लेव्हल भरायला विसरू नको. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरला जीएल-४ ग्रेडचं गिअर ऑइल, हौसिंगला जीएल-५. दुकानदार सगळीकडे एकच नव्वद नंबर ऑइल चालतं म्हणेल, ऐकू नकोस, जीएल-५ मधली काही रसायनं गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत आणि क्राऊनला जीएल-४ पुरत नाही. फ्लँजचे (शाफ्ट जोडायच्या चकतीचे) बोल्ट ओरिजिनल हाय टेन्साइल लाव, हार्डवेअरच्या दुकानातले नको. पार्टची काळजी करू नको. कंपनीने २०१९ ला जिप्सी बंद केली पण फौजेत एवढ्या गाड्या आहेत की माल मिळत राहतो, फक्त रबर घेताना बॉक्सवरची तारीख बघ, वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर लावून उपयोग नाही.

कोयनाकाठ

झालं सगळं. तीन माउंट, दोन सील, एक क्रॉस, शाफ्ट ताईंनी सांगितला तसा रेषेत. मागचे दोन टायर पण घेतले, शॅकल अजून मिळाले नाहीत. कराडच्या त्या गॅरेजला नेली नाही, इथल्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकडून स्वतः उभं राहून करून घेतलं, त्याने क्रॉसच्या वाट्या हातोड्याने नाही तर व्हाइसमधे दाबून बसवल्या.

टण्ण गेला. फोर-लो मधे तोच चढ, त्याच गोण्या, दांडा हलला नाही, मी आधी हात ठेवून बसलो होतो नंतर सोडला. थरथर ६० ला एकदम किंचित उरलीय, ज्याला माहीत नाही त्याला कळणारही नाही. घूं मात्र आहे, पहिल्यापेक्षा कमी पण आहे. काका आता काय म्हणता, क्राऊन?

जुनी_सीजे_निफाड

ऑइलमधे काही निघालं नाही तर मी आता क्राऊन म्हणत नाही, आधीचे शब्द मागे. किंचित उरलेली थरथर शॅकलची असणार, ते बदलले की बघा. घूं कुठून येतो ते ठरवायला एक करता येईल. मागचा प्रोपेलर उतरवा, हब लॉक करा, फोर-हाय टाका, गाडी नुसती पुढच्या चाकांवर चालेल. सरळ रिकाम्या रस्त्याला हळूहळू ४०-५० पर्यंत न्या. आवाज गेला तर मागचं हौसिंग, राहिला तर ट्रान्सफर. चाकाला दगडाचं मघाशी सांगितलंच आहे.

नव्वद_नंबर

ट्रान्सफरच निघेल बघ. आणि निघाला तर घाबरू नको, जिप्सीच्या ट्रान्सफरमधे चेन नाही, सगळे गिअर आहेत, नवीन असतानाही थोडा गातोच तो. माउंट मऊ होते तेव्हा तोच आवाज पत्र्याला आदळून आत येत होता, म्हणून आता कमी वाटतोय. टेस्ट कर, आवाज ट्रान्सफरचा असेल तर मागच्या आउटपुटच्या फ्लँजला हात घालून वर-खाली हलवून बघ. प्ले लागला तर बेअरिंग, उतरवून टाकावं लागेल. प्ले नसेल तर ऑइल बदल आणि पावसाळा काढ.

कोयनाकाठ

येत्या रविवारी प्रोपेलर उतरवून बघतो आणि फ्लँज हलवल्याचा व्हिडिओ टाकतो. तोवर कोणाकडे ओरिजिनल मागचे शॅकल पडले असतील, लिफ्ट करताना काढून ठेवलेले, तर मेसेज करा, सातारा-कराड कुठेही येऊन घेऊन जाईन.

सह्याद्री_चिखल

माझ्याकडे आहेत जोडी. बुश नवीन घ्यावे लागतील, शॅकल तसेच घेऊन जा.